चेकरचा फोन

सुरतेला उधन्याच्या आमच्या भागात मराठी माणसं अजून एक म्हण वापरतात. कुणी चार दुकानं हिंडून, दहा जणांना विचारून छत्री घेतली आणि पहिल्याच पावसात ती उलटी झाली, की लोक म्हणतात, "घ्या! चेकरचा फोन!" जावई पारखून आणला आणि तो बिनकामाचा निघाला, तरी चेकरचा फोन. हल्लीच्या पोरांना चेकर कोण आणि फोन कुठला, हे ठाऊक नाही. म्हण मात्र चालू आहे.

ही म्हण मी तयार केली आहे. आयुष्यात मी तयार केलेली आणि टिकलेली ती एकच गोष्ट, आणि ती खोटी आहे. आता माझं वय झालं. म्हणून काय घडलं ते नीट लिहून ठेवतो.

उधन्याला एका पॉवरलूमच्या खात्यात मी मेहताजी होतो. खातं म्हणजे कारखाना आणि मेहताजी म्हणजे ऑफिसात बसून वह्या लिहिणारा. मी मूळचा जालन्याकडचा. लूम चालवणारे बहुतेक खानदेशातले. चेकरही तिकडचेच, अमळनेरच्या बाजूचे. त्यांचं नाव होतं, पण हजेरीच्या वहीखेरीज ते कुठे वापरात नव्हतं. शेठपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे चेकर म्हणायचे. तोंडावर चेकरभाऊ, पाठीमागे 'तो येडा चेकर'. पाठीमागे मीही अरेतुरेच करायचो. आता ते करवत नाही.

त्यांचं काम कापड तपासण्याचं. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा तागा, त्यांच्या टेबलावर यायचा. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ते तो हात-हात पुढे ओढत आणि डोळे बारीक करून बघत. तुटलेली तार, तेलाचा डाग, विरळ पट्टा, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कानावर लाल पेन्सिल असायची. ताका चांगला निघाला की काठावर गोल. दोष निघाला की फुली, आणि फुलीशेजारी लूमचा नंबर आणि पाळी. नुसती फुली त्यांनी कधी मारली नाही.

"मेहताजी," ते मला सांगत, "कापडाला बिचाऱ्याला काय कळतं? दोष कापडाचा नसतो. दोष हाताचा असतो. कोणाचा हात, कोणती पाळी, एवढं लिहिलं की काम झालं."

अशी नजर टेबलापुरती ठेवली असती तर गोष्ट वेगळी. पण चेकर घरी जाताना नजर टेबलावर ठेवून जात नसत. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी छपाईतली चूक शोधायची, मग मुहूर्त वाचायचा. हॉटेलात फाफडा आला की तो उजेडात धरायचा. शेठच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या फेट्याकडे बोट दाखवून त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं होतं, "डाव्या अंगाला बाण्याची एक तार गेलीय." शेठ म्हणाले, "चेकर, आजे तो रेवा दो!" चेकर म्हणाले, "मी राहू देतो शेठ, पण तार गेलीय."

कळस झाला तो लूम दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या जॉबरच्या अंत्ययात्रेत. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली आणि चेकर आडवे आले. कफनाच्या कापडात त्यांना तुटलेली तार दिसली होती. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. कुणीतरी चिडून म्हणालं, "अहो, त्यांना आता काय फरक पडतोय?"

"त्यांना नाही पडत," चेकर शांतपणे म्हणाले. "पण आपल्याला दिसली ना?"

कापड बदलून आणेपर्यंत तिरडी अर्धा तास खाली ठेवावी लागली.

बायको फार लवकर गेली होती, मूल नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई. आईला ते 'माय' म्हणत. माय पंचाहत्तरीच्या पुढची, एका डोळ्यात मोतीबिंदू, बोटं शेतात राबून लाकडासारखी झालेली, आणि जीभ मात्र अगदी नवीकोरी. चेकर सकाळी कामावर आले की म्हातारी खोलीत एकटी. आजूबाजूच्या बायकाही दिवसभर कामाला जायच्या. एकदा ती चक्कर येऊन दारात बसून राहिली आणि दोन तास कुणाला पत्ताच लागला नाही. त्या दिवसापासून चेकरांच्या डोक्यात फोन शिरला.

मोबाइल तेव्हा सुरतेत नुकते आले होते. आमच्या शेठकडे होता. फोन आला की ते गच्चीवर जात आणि इतक्या मोठ्यानं बोलत की मुंबईच्या व्यापाऱ्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. घरच्या टेलिफोनसाठी चेकरांनी अर्ज करून ठेवला होता, पण नंबर लागायला वर्षं जायची. आणि लागला असता तरी तो भिंतीपाशी राहणार. "माय भिंतीपाशी पडेल असं कुणी सांगितलं?" ते म्हणत. फोन मायच्या कमरेला पाहिजे, एका बटणावर लागला पाहिजे आणि कधी दगा देता कामा नये. लूम कामगाराच्या आईला मोबाइल, हे ऐकून सगळं खातं हसलं. शेठ सगळ्यात जास्त हसले, कारण त्यांच्या आईकडे नव्हता.

शोध सहा महिने चालला. दर सुट्टीला चेकर स्टेशनकडची दुकानं पालथी घालत. एकदा हौसेनं मीही गेलो. दुकानदार गुजराती, तरुण, फार गोड बोलणारा. त्यानं काचेवर चार फोन मांडले आणि गुण सांगायला लागला. चेकर म्हणाले, "थांबा." खिशातून कापूस काढून त्यांनी कानात घातला. चष्मा उतरवून ठेवला. डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला. मग पिशवीतून लोकरीचे मोजे काढले आणि दोन्ही हातांत चढवले.

"काका, आ शुं करो छो?" दुकानदार घाबरून म्हणाला.

"काका नाही," चेकर म्हणाले, "आता मी माय आहे. द्या फोन."

मोज्यातल्या बोटांनी त्यांनी एकेक बटण चाचपलं. एका फोनची बटणं लहान, एकाची फार मऊ. "दाबलं की नाही ते म्हातारीला कळणार कसं?" तिसऱ्याची एरियल ओढायची होती. "ती ओढेल आणि मोडेल." चौथा त्यांना बरा वाटला. मग त्यांनी शिवणकामाची टेप काढली, जमिनीपासून दोन फूट नऊ इंच मोजले आणि फोन तिथून सोडायची तयारी केली. मायच्या कमरेची उंची होती ती. दुकानदारानं काउंटरवरून उडी मारून त्यांचा हात धरला. परतताना मी रस्ताभर हसत होतो. चेकर म्हणाले, "हसा मेहताजी. ताका बाजारात गेल्यावर दोष निघाला तर कोण हसतं?"

फोन ठरत नव्हता तोवर त्यांनी मायचा सराव चालू केला. फोनच्या मापाची कपडे धुण्याच्या साबणाची वडी कापली, तिच्यात खिळ्याचं डोकं रोवलं, कापडाच्या पिशवीत घालून मायच्या कमरेला बांधली. मायनं दिवसातून तीनदा एकटीनं घोकायचं: दाब, धर, सोड. पंधरा दिवसांनी ते काम बघायला गेले तर पिशवीत नुसता खिळा.

"माय, साबण कुठंय?"

"लुगडं धवायनं," माय म्हणाली. "तुना फोन भलता चांगला शे. फेस बहू येस."

शेवटी फोन ठरला. तो त्यांनी खरोखर दोन फूट नऊ इंचांवरून पाडला, मायच्या सातूच्या डब्यात आठवडाभर पुरून ठेवला, आणि खात्यातल्या चाळीस लूम चालू असताना मध्ये उभं राहून वाजवून बघितला. मग आमच्याच खात्याच्या कापडाचं जाड कव्हर शिवलं. कव्हरला एकच भोक, दोन नंबरच्या बटणावर, आणि भोकाभोवती लाल दोरा. बाकी बटणं बंद, फक्त फोन तोडायचं बटण कापडावरून चाचपून दाबता यायचं. दोन नंबर दाबून धरला की फोन थेट आमच्या ऑफिसात लागायचा. ऑफिसातला टेलिफोन माझ्या टेबलावर होता.

अशा रीतीनं मी या गोष्टीत आलो.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं आणि नियम समजावले. मोबाइलवर बोललं की पैसे पडायचे, नुसती रिंग फुकट. म्हणून मी फोन उचलायचा नाही, फक्त मोजायचा. दुपारी बाराला दोन रिंगा वाजून थांबल्या, म्हणजे माय जेवली, सगळं ठीक. रिंग थांबलीच नाही, वाजतच राहिली, तर माय अडचणीत आहे. मी धावत जाऊन चेकरांना सांगायचं. खात्यापासून खोली सायकलनं दहा मिनिटांवर.

"जमेल ना मेहताजी? दोन म्हणजे ठीक. वाजत राहिला म्हणजे धावायचं."

"अहो, मी मॅट्रिक आहे," मी म्हणालो. "दोनपर्यंत मोजता येतं."

माय चुलीपाशी बसली होती. तिनं मला खालून वर न्याहाळलं. "हाऊ दुपारले झोपत नही ना?" तिनं मुलाला विचारलं.

तिला ते मुलानंच सांगितलं असणार. जेवणानंतर ऑफिसात खुर्ची मागे रेलून मी डुलकी काढायचो, हे सर्वांना माहीत होतं. मी हसून म्हणालो, "माय, तुझा फोन आला की उठेन." ती म्हणाली, "देखसू." बघते म्हणाली, आणि खरंच बघायला लागली.

पहिले दोन महिने गाडी सुरळीत चालली. बाराला दोन रिंगा. मी ऑफिसच्या काचेतून दोन बोटं दाखवायचो, चेकर मान डोलवायचे. लूमच्या त्या गोंगाटात एवढंच बोलणं. त्यांच्या तोंडावर त्या क्षणी जे समाधान असे, ते शेठना दिवाळीतही मिळत नसेल. पण मायला एकदा खेळणं सापडलं. दिवसभर एकटी म्हातारी, आणि बटण दाबलं की कुठेतरी एक माणूस दचकतो हे तिला पक्कं ठाऊक. बाराच्या दोन झाल्या की साडेबाराला दोन. एकला दोन. मी डोळा लावला की हमखास दोन. शेजारणींना ती सांगे, "मेहताजीले उठाडी दिधं." मी चेकरांकडे तक्रार केली. ते गंभीरपणे म्हणाले, "दोनच वाजतात ना? मग ठीक आहे. नियम मोडलेला नाही."

मग शेठ आठ दिवस लग्नाला राजकोटकडे गेले. ऑफिसात मला विचारणारं कुणी उरलं नाही. पहिल्याच दिवशी जेवणानंतर मी रिसीव्हर उचलून टेबलावर वहीशेजारी ठेवून दिला. किती छान झोप लागली! उठल्यावर परत जागेवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तेच. बाराच्या दोन रिंगा मी इमानेइतबारे मोजायचो, चेकरांना बोटं दाखवायचो, आणि मग फोनला झोपवून मी झोपायचो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटल्यावर चेकर घरी गेले, तर माय मोरीत पडलेली. दुपारी दोनच्या सुमाराला पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. फोन कमरेला होता, कव्हर भिजून लगदा झालं होतं, आणि तिचं बोट अजून त्या भोकावर होतं.

दवाखान्यात मी गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. मला बघून तिनं ओळखलं. "दाबी दाबी थकनू मेहताजी," ती म्हणाली. "टूं टूं वाजे नुसतं."

चेकर कॉटच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि एकच प्रश्न विचारला.

"दुपारी फोन वाजला होता का?"

"नाही," मी म्हणालो. "वाजला नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. फोन वाजला नव्हता, मी वाजला नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताका ओढताना डोळे बारीक करत, तसे केले. मग म्हणाले, "बरं," आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते भिजलेलं कव्हर माझ्यासमोर खात्याच्या कचऱ्यात टाकलं आणि फोन घेऊन दुकान गाठलं. दुकानदारानं तो पुसून, सुकवून, चालवून दाखवला. "काका, फोन एकदम बराबर छे," तो म्हणाला. चेकरांनी परत येऊन हे मला सांगितलं. आता ते पुढचं विचारतील, असं वाटलं. ते टेबलाकडे वळले. ताका ओढायला लागले.

घाबरलेला माणूस गप्प बसत नाही, बोलत सुटतो. जेवणाच्या सुट्टीत मी कामगारांना गोष्ट सांगायला लागलो. मोजे, कापूस, टेप, साबणाची वडी. मी सांगायचोही चांगलं. लोक जमिनीवर लोळायचे. आणि शेवटी मी म्हणायचो, "सहा महिने तपासला, सातूत पुरला, आणि ऐन वेळी काय? टूं टूं! तर असा हा चेकरचा फोन." शेठ राजकोटहून आले, त्यांनाही सांगितली. त्यांनी ती बाजारात नेली. महिन्याभरात म्हण झाली. माझ्यावर कुणाची नजर जाऊ नये म्हणून मी सगळ्यांची नजर त्यांच्यावर वळवली. आणि लोकांना ते आवडलं. आयुष्यभर दुसऱ्याचे दोष काढणाऱ्याच्या ताक्यात दोष निघाला, याचा आनंद फार मोठा असतो.

एकदा मी मोज्यांची नक्कल करत असताना ते मागे उभे होते. मला दिसले नाहीत. मी वळलो तेव्हा म्हणाले, "मेहताजी, मोजे लोकरीचे होते. तुम्ही सुती म्हणालात." एवढं बोलून टेबलाशी गेले.

लूमवाले आता फुलीवरून त्यांच्याशी वाद घालू लागले. "फोन तपासला तसाच ताका तपासला का चेकरभाऊ?" ते कानावरची पेन्सिल काढत. फुली मारत, नंबर लिहीत, पाळी लिहीत. पण शेठनीही एकदा त्यांनी अडवलेले चार ताके हसत हसत पास करून पाठवले. एवढ्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं. माय उठून चालू लागली नाही. वर्षभरात चेकरांनी नोकरी सोडली. मायला घेऊन गावी जातो म्हणाले.

जायच्या दिवशी ते ऑफिसात आले. कापडात गुंडाळलेला फोन त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, बरोबर टेलिफोनशेजारी.

"गावाला याला रेंज नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे राहू द्या."

"मी काय करू याचं?"

"ठेवा. माल तुमच्याकडं असलेला बरा."

माय बाहेर टेंपोत गादीवर होती. मी निरोप द्यायला गेलो. ती म्हणाली, "आते झोप निवांत." म्हणताना डोळे मिचकावले की काय, ते मला ठरवता आलं नाही. अजून येत नाही.

ते पुडकं मी घरी ट्रंकेच्या तळाशी टाकलं. उघडलं नाही. आतमध्ये चिठ्ठी असेल, तिच्यात माझं नाव असेल, अशी भीती. माय गेल्याचं कळलं, तेव्हाही उघडलं नाही. गेल्या महिन्यात अमळनेरकडचा एक माणूस भेटला. त्यानं सांगितलं, चेकर गेले. तो हे सांगताना शेवटी हसून म्हणाला, "तेच हो, ते फोनवाले."

त्या दिवशी मी ट्रंक उघडली.

चिठ्ठी नव्हती. फोन होता, आणि त्याच्यावर नवंकोरं कव्हर. पहिलं कचऱ्यात गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणजे हे त्यांनी मायच्या पडण्यानंतर शिवलं. जो फोन कुणी वापरणार नव्हतं, त्याला. तसंच एक भोक, भोवती लाल दोरा. मी कापड उजेडात धरलं आणि हात-हात नाही, बोट-बोट बघितलं. एकही तार तुटलेली नव्हती. काठावर लाल पेन्सिलीचा गोल होता.

गोल म्हणजे पास. फोनला दोष नाही, असं त्यांनी सही करावी तसं लिहून ठेवलं होतं. आणि दोष कापडाचा नसतो, तर मग हाताचा. इतकं सरळ गणित मॅट्रिक माणसालाही येतं. त्यांना त्या व्हरांड्यातच आलं होतं. माझ्या मागे नोकरी होती, दोन मुली होत्या, शेठना कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आलो असतो. म्हणून गप्प राहिले, की मायनं सांगितलं म्हणून, की आणखी कशासाठी, मला माहीत नाही. मेलेल्या माणसाच्या कफनातली एक तार ज्यांना सोडवली नाही, त्यांनी ही सोडली. येडा म्हणवून घेतलं, म्हण व्हायला दिली, मुरलेली नजर हशात जाऊ दिली, पण फुली मारली नाही.

ती मारायची राहिली आहे. आणि नुसती फुली त्यांना चालत नसे.

नातीच्या दप्तरातून लाल पेन्सिल घेतली आहे. गोलाला हात लावणार नाही, तो त्यांचा आहे. त्याच्या शेजारी फुली मारतो आणि नियमाप्रमाणे पुढे लिहितो: ऑफिस. दिवसपाळी.